हिमप्रदेशातील ताड : लागवड आणि शेंड्याचे रक्षण

ताड, माड, पोफळ आणि शिंदी ही नावे उच्चारली म्हणजे समुद्रकिनारा किंवा उष्ण मैदान डोळ्यांपुढे उभे राहते. ही समजूत बहुतांशी बरोबर आहे. ताडकुलात सुमारे अडीच हजार जाती असून त्यांपैकी फार मोठा भाग उष्ण कटिबंधातच वाढतो. तथापि याच कुलात काही थोड्या जाती अशा आहेत की, जेथे हिवाळ्यात पाणी गोठते व जमिनीवर बर्फ साचतो, तेथेही त्या जगतात, फुलतात आणि बी धरतात. आपल्या देशात कुमाऊँच्या डोंगरांत अशी एक जात निसर्गतःच उगवते.

हिमालयाच्या सहलीहून परत येताना कित्येक जण अशा झाडांचे बी किंवा रोपे घेऊन येतात. थंड प्रदेशात बाग करणारे लोकही ही झाडे लावतात. परंतु पाचसहा वर्षे जोपासलेले झाड एका हिवाळ्यात गेले, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अशी झाडे पुष्कळदा केवळ गारठ्याने मरत नाहीत. त्यांच्या शेंड्यात साचलेले पाणी आणि मालकाने चुकीच्या वेळी केलेली मशागत यांमुळे ती दगावतात. ताड गारठ्यात का मरतो व त्याला कसे वाचवावे, याची माहिती या लेखात दिली आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना ती आपल्याकडील नारळ व केळीच्या बागांसंबंधी सल्ला देतानाही उपयोगी पडेल.

थंडी सोसणाऱ्या जाती

या जातींत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे चीनमधील तंतुताड होय. वनस्पतिशास्त्रात त्याला ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी असे म्हणतात. पाने पंख्याच्या आकाराची, खोड सरळ व एकच, आणि खोडाभोवती तपकिरी तंतूंचे दाट वेष्टण, ही त्याची ओळख. चीनमध्ये या तंतूंचे दोर, केरसुण्या, चटया व पावसात पांघरावयाची इरली करण्याची परंपरा फार जुनी आहे. ज्या रॉबर्ट फॉर्च्युन याने चीनमधून चहाची रोपे हिमालयाच्या उतारावर आणली, त्याच्याच नावावरून या ताडाचे नाव पडले. १८४९ साली त्याने या ताडाची रोपे इंग्लंडला धाडली होती. चांगले मूळ धरलेले मोठे झाड उणे १५ अंश सेल्सिअसपर्यंतचा गारठा थोडा वेळ सोसते.

दुसरा म्हणजे आपला कुमाऊँचा ताड. पिथोरागढ जिल्ह्यातील थलकेदार, म्हणजेच जुन्या ग्रंथांतील ताकिल पर्वत, हे त्याचे मूळ स्थान. त्यावरूनच इटालियन शास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी याने १९०५ साली त्याला ट्रॅकिकार्पस ताकिल हे नाव दिले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० ते २,७०० मीटर उंचीवर, बांज वृक्षांच्या सावलीत व ओलसर उतारांवर तो वाढतो. तेथे हिवाळ्यात बर्फ पडतो, आणि पाने बर्फाने झाकली गेली तरी झाड टिकते.

कोरड्या व थंड मुलखात बलुचिस्तान, वझिरिस्तान व अफगाणिस्तान येथील मझरी हा बुटका, झुडपासारखा ताड आढळतो. त्याच्या पानांच्या चटया, टोपल्या व दोर करतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातील सुईताड हा सर्वांत काटक समजला जातो. त्याला उंच खोड नसते. तो बेटाने वाढतो व उणे २० अंशांच्या आसपासचा गारठाही सोसतो. त्याच भागातील बुटका साबल याचे खोड जमिनीखाली राहते, म्हणून वरची पाने करपली तरी गाभा सुरक्षित असतो. भूमध्य समुद्राकाठचा बुटका पंखाताड यांच्यापेक्षा नाजूक असून तो सुमारे उणे १० अंशांपर्यंत तग धरतो.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ते मुरलेल्या, निरोगी, मोठ्या झाडांचे आणि काही तासांच्या गारठ्याचे आहेत. दोनतीन वर्षांचे रोप त्याच्या निम्म्या थंडीनेही मरू शकते. शिवाय रात्री गोठून दिवसा ऊन पडणे वेगळे आणि आठ दिवस अहोरात्र गोठलेलेच राहणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात मुळांना पाणी ओढता येत नाही व पाने वाळू लागतात.

गारठ्याने ताड मरतो कसा

आंब्याची फांदी तोडली तर खालून नवे धुमारे फुटतात. ताडाचे तसे नाही. एकखोडी ताडाला वाढीचे ठिकाण एकच असते. ते शेंड्याच्या आत, कोवळ्या पानांच्या गुंडाळीत खोल दडलेले असते. नवे पान येथूनच निघते, फुलोऱ्याचा उगमही येथेच होतो आणि खोडाची उंचीही येथूनच वाढते. हा कोंब मेला की झाड मेले. मग खालचे खोड कितीही दणकट असो. केळीचा गाभा गेला तर बाजूची पिले बाग सावरतात, परंतु अशा ताडाला पिलांचा आधार नाही. ताडाच्या खोडाला आंब्यासागाप्रमाणे दर वर्षी नवे लाकूड धरणारा थरही नसतो. त्यामुळे खोडाला झालेली इजा भरून येत नाही. ती जन्मभर राहते.

आता थंडीचे कार्य पाहू. हवा शून्य अंशाखाली गेली की प्रथम पेशींच्या मधल्या पोकळीतील पाणी गोठते. तेथील बर्फ पेशींतील पाणी हळूहळू बाहेर ओढतो आणि पेशी सुकू लागतात. काटक जातींच्या पेशी हे सुकणे बऱ्याच प्रमाणात सहन करतात. परंतु गारठा अचानक व तीव्र आला तर खुद्द पेशींच्या आतच बर्फ तयार होऊन त्या फुटतात. म्हणूनच शरद ऋतूपासून थंडी क्रमाक्रमाने वाढत गेली तर झाड कणखर होते, आणि उबदार हवेनंतर एका रात्रीत पारा उतरला तर तेच झाड दगावते.

गारठ्याच्या जोडीला दुसरा शत्रू असतो, तो म्हणजे शेंड्यात साचलेले पाणी. पावसाचे किंवा वितळलेल्या बर्फाचे पाणी पानांच्या बेचक्यात उतरते, रात्री गोठते, दिवसा वितळते व पुन्हा गोठते. यामुळे कोवळ्या भागाला बारीक चिरा पडतात. त्यांतून बुरशी व जंतू आत शिरतात आणि पुढे ऊब आली की कोंब कुजू लागतो. झाडाचे मरण असे पुष्कळदा डिसेंबरात ठरते, पण ते मार्च-एप्रिलमध्ये दिसते. या कारणाने कोरडी थंडी ओल्या थंडीपेक्षा बरी, हे सूत्र लक्षात ठेवावे.

जागेची निवड

थंड हवा पाण्यासारखीच उतारावरून खाली वाहते व खोलगट जागी साचते. निरभ्र व निवांत रात्री दरीच्या तळाशी आणि उताराच्या मध्यावर कित्येक अंशांचा फरक पडतो. म्हणून ताडासाठी खळग्याची जागा टाळून दक्षिण किंवा आग्नेय उताराचा मधला भाग निवडावा. उत्तरेकडून घर, दगडी बांध किंवा दाट झाडी असल्यास कोरड्या बोचऱ्या वाऱ्यापासून आडोसा मिळतो. दगडी भिंत दिवसा ऊन शोषते व रात्री ऊब देते, हा आणखी एक फायदा. मात्र ज्या ठिकाणी गोठलेल्या पानांवर सकाळचे प्रखर ऊन एकदम पडते, तेथे पाने अधिक करपतात. अशा वेळी पूर्वेला विरळ सावली असणे हितावह असते.

जमीन खोल, भुसभुशीत व निचऱ्याची असावी. कुमाऊँचा व चीनचा ताड यांना ओलावा आवडतो, परंतु मुळांशी पाणी तुंबलेले खपत नाही. भारी जमिनीत १ ते दीड फूट उंचीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावे.

बियांपासून रोपे

या दोन्ही ताडांत नर व मादी झाडे निराळी असतात. बी हवे असल्यास दोन्ही जवळपास असावी लागतात. मादी झाडाला निळसर काळी, राखेसारखा पांढरा थर असलेली फळे घोसाने लागतात. पिकलेली फळे काढून वरचा गर पाण्यात चोळून पूर्णपणे धुवावा. गर राहिल्यास बी बुरसते. बी सुकवून फार दिवस ठेवू नये. ताजे बीच उत्तम उगवते.

पेरण्यापूर्वी बी दोनतीन दिवस कोमट पाण्यात भिजत ठेवावे व पाणी रोज बदलावे. वाळू व कुजलेला पालापाचोळा समभाग घेऊन भरलेल्या पेटीत किंवा खोल कुंडीत ते दीड ते दोन सेंटिमीटर खोल पेरावे. माती ओलसर ठेवावी, चिखल करू नये. हवा उबदार असल्यास एक ते तीन महिन्यांत उगवण होते; काही बी त्याहूनही उशिरा उगवते, म्हणून पेटी लवकर उपसून टाकू नये.

पहिली पाने गवताच्या पात्यासारखी साधी असतात. पंख्यासारखी पाने येण्यास बराच काळ लागतो. या काळात रोपे अर्ध्या सावलीत व पहिले दोनतीन हिवाळे छपराखाली ठेवावीत. खोल कुंड्या वापराव्यात, कारण मुळे सरळ खाली जातात.

विकत रोपे घेताना नावावर भिस्त ठेवू नये. चिनी पंखाताड या नावाने पुष्कळदा लिव्हिस्टोना जातीचे रोप विकले जाते. ते दिसावयास सुंदर असले तरी इतका गारठा सोसत नाही. लिव्हिस्टोनाच्या पानांची टोके लोंबकळतात आणि कोवळ्या झाडाच्या देठावर ठळक काटे असतात. तंतुताडाच्या देठाच्या कडा केवळ बारीक दातेरी असून देठाच्या बुडाशी तंतूंचे दाट जाळे असते.

लावणी, खत व पाणी

रोपे तीनचार वर्षांची, चांगली मुळे धरलेली झाल्यावर कायम जागी लावावी. हिमप्रदेशात लावणीचा काळ म्हणजे शेवटचा कडाका संपल्यानंतरचा वसंत ऋतू. असे केल्याने पुढच्या हिवाळ्यापूर्वी मुळांना पूर्ण उन्हाळा व पावसाळा मिळतो. शरद ऋतूत लावलेले रोप मुळे धरण्यापूर्वीच थंडीत सापडते. तेव्हा ते टाळावे.

खड्डा रोपाच्या मातीच्या गोळ्याहून दुप्पट रुंद घ्यावा. रोप कुंडीत जितके खोल होते तितकेच खोल लावावे. कोंब मातीत गाडला गेल्यास तो कुजतो. दोन झाडांत दोन ते तीन मीटर अंतर पुरे होते.

चांगले कुजलेले शेणखत वसंतात घालावे. नत्रयुक्त खते पावसाळा संपण्याच्या सुमारास मुळीच देऊ नयेत. त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडावर लुसलुशीत पाने फुटतात आणि ती प्रथम बळी पडतात. कोरड्या दिवसांत पाणी नियमित द्यावे. थंडीची लाट येण्यापूर्वी जमीन कोरडी असल्यास एक पाणी बुंध्याशी द्यावे. ओली माती दिवसाची उष्णता अधिक साठविते व रात्री ती सोडते. पाणी शेंड्यावर मात्र ओतू नये.

हिवाळ्यातील संरक्षण

मोठ्या, मुरलेल्या झाडाला योग्य हवामानात सहसा आच्छादनाची गरज पडत नाही. कोवळ्या झाडांना आणि कडाका अधिक असेल तेथे सर्वच झाडांना पुढीलप्रमाणे संरक्षण द्यावे.

१. हिवाळ्याच्या आरंभी बुंध्याभोवती एक मीटर परिघात वाळलेला पाला किंवा पेंढा १० ते १५ सेंटिमीटर जाड पसरावा. लहान रोपाचा शेंडा त्याखाली दडपू नये.

२. कडाक्याची लाट येणार असे दिसताच पाने वर गोळा करून सुतळीने सैल बांधावीत. त्यामुळे कोंबाभोवती पानांचे कवच तयार होते.

३. बांधलेल्या पानांभोवती कोरडा पेंढा लावून वरून गोणपाट गुंडाळावे. प्लॅस्टिकचा कागद पानांना चिकटून लावू नये. त्याच्या आत दव साचते व दिवसा उन्हाने आतली हवा तापते.

४. शेंड्यावर पावसाचे व बर्फाचे पाणी पडू नये म्हणून चार काठ्या रोवून लहानसे उतरते छप्पर करावे. हाती एकच उपाय करण्याइतका वेळ असेल तर हा करावा.

५. लाट ओसरली व दिवसा हवा निवळली की वेष्टन सैल करून वारा खेळू द्यावा. महिनोन्‌महिने बांधून ठेवलेला शेंडा आतल्या आत कुजतो.

६. पानांवर बर्फाचा भार झाल्यास तो हाताने किंवा केरसुणीने हलकेच झटकावा. गोठलेली पाने ताठ व ठिसूळ असतात, म्हणून काठीने झोडपू नये. बुंध्याभोवती साचलेला बर्फ काढण्याची गरज नाही. तो मुळांना पांघरुणासारखा उपयोगी पडतो.

खोडावरील तंतूंचे वेष्टण हे झाडाचे स्वतःचे घोंगडे होय. शोभेसाठी खोड सोलून गुळगुळीत करण्याची काही ठिकाणी चाल आहे. उबदार प्रदेशात ती चालते. हिमप्रदेशात ते झाडाला उघडे पाडणे आहे.

गारठा बसल्यानंतर

या टप्प्यावर उतावीळपणा सर्वांत घातक ठरतो. पाने तपकिरी झाली म्हणून झाड मेले असे समजू नये आणि करपलेली पाने लगेच छाटू नयेत. तीच पाने पुढच्या लाटेत कोंबाला आडोसा देतात. शिवाय अर्धवट हिरवे पान झाडाला अन्न पुरवीत असते. छाटणी वसंतात, थंडी पूर्ण संपल्यावर करावी.

प्रथम मधल्या न उघडलेल्या पानाची, म्हणजे सुईची तपासणी करावी. ती बोटांच्या चिमटीत धरून हलकेच वर ओढावी. घट्ट असल्यास चिंता नाही. सुई सुटून हातात आली, तिचे बूड मऊ, तपकिरी व दुर्गंधीयुक्त असले, तर कोंब कुजण्यास आरंभ झाला आहे. तथापि तेवढ्याने आशा सोडू नये, कारण वाढीचे ठिकाण त्याहून खाली असते. सुटा झालेला कुजका भाग काढावा, साचलेले पाणी कापडाने टिपून घ्यावे आणि कोरड्या, न गोठणाऱ्या दिवशी एक टक्का बोर्डो मिश्रण शेंड्यात घालावे. दहाबारा दिवसांनी ते पुन्हा एकदा द्यावे व वर छप्पर ठेवावे.

थोड्या झाडांसाठी १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात विरघळवून, दोन्ही द्रावणे एकत्र ढवळून गाळून घ्यावीत. भांडी मातीची किंवा प्लॅस्टिकची असावीत. मिश्रणात स्वच्छ लोखंडी विळा क्षणभर बुडवावा. त्यावर तांबूस थर दिसल्यास चुन्याची निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

यानंतर वाट पाहणे हाच उपाय. नवे पान आखूड, वेडेवाकडे किंवा कडा करपलेले निघाले तरी ते शुभचिन्ह समजावे. संपूर्ण उन्हाळा व पावसाळा उलटेपर्यंत झाड उपटू नये.

उत्पन्न आणि मर्यादा

या ताडांपासून नारळासारखे फळ किंवा सुपारीसारखे पैशाचे पीक मिळत नाही, हे शेतकऱ्यांना स्पष्ट सांगावे. खोड तयार होण्यासच कित्येक वर्षे जातात. उपयोग दोन : शोभेची लागवड व तंतू. तंतू काढताना जुन्या देठांच्या बुडाचे मोजके पदर सोडवून घ्यावेत आणि शेंड्याजवळचे पदर राहू द्यावेत. अधाशीपणाने सोलल्यास वाढ खुंटते. कुमाऊँच्या ताडाची नैसर्गिक झाडे आज थोडीच उरली आहेत. तंतूंसाठी झालेली तोड हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. ज्या झाडाने हजारो हिवाळे सोसले, त्याचा निभाव कुऱ्हाडीपुढे लागला नाही. म्हणून रानातील रोपे उपटून आणू नयेत. बागेत लावलेल्या झाडांचे बी घेऊन रोपे करावीत. जातही वाचते आणि रोपही जोमदार मिळते.

याच्या उलट अनुभव स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील तिचिनो प्रांतात आला. तेथे शोभेसाठी लावलेला चिनी तंतुताड पक्ष्यांनी बी पसरविल्यामुळे रानात शिरला व मूळच्या झाडोऱ्याला जागा उरेना. अखेर १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याच्या विक्रीस बंदी झाली. सारांश, परका वृक्ष थंडीत जगतो एवढ्यावरून तो सर्वत्र लावण्याजोगा ठरत नाही. मोठी झाडे पक्ष्यांच्या रानाजवळ असल्यास बी पिकण्यापूर्वी घोस कापून टाकावेत.

आपल्याकडील उपयोग

महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी काही हिवाळ्यांत दव गोठते आणि निफाडच्या बाजूस पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. तथापि आपल्या बहुतेक भागांत या जातींपुढे अडचण येते ती उन्हाळ्याची. थंड व दमट डोंगरात वाढणारा कुमाऊँचा ताड विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात सुखाने नांदणार नाही. त्यामुळे सहलीहून आणलेल्या बियांवर पैसा व श्रम खर्च करण्यापूर्वी विचार करावा. शोभेसाठी आपली शिंदी व भेर्ली माड ही झाडे अधिक योग्य होत.

परंतु शेंड्याच्या रक्षणाचा धडा आपल्यालाही लागू आहे. नारळाचा कोंबही एकच असतो. पावसाळ्यात तो कुजू लागला तर सुईची तपासणी, कुजका भाग काढणे व बोर्डो मिश्रण हेच उपाय करावे लागतात. थंडीच्या लाटेपूर्वी रात्री पाणी देणे, वाऱ्याला आडोसा करणे आणि पावसाळ्यानंतर नत्र आवरते घेणे या गोष्टी केळीच्या बागेतही उपयोगी पडतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागेत गेल्यावर प्रथम शेंडा पाहावा, मग पाने पाहावीत. पाने गेली तर झाड ती पुन्हा देते. कोंब गेला तर देण्यास काही उरत नाही. शेंडा कोरडा, बुंधा पाला-पेंढ्याने झाकलेला आणि मालकाचा हात आवरलेला असेल, तर हिमप्रदेशातही ताड उभा राहतो.